काम भरपूर, शिल्लक शून्य : बांधकाम कंत्राटदारांच्या प्रश्नांना उत्तरे

मुंबई आणि उपनगरांत लहान-मध्यम कंत्राटे घेणाऱ्या वाचकांची बरीच पत्रे आली आहेत. गल्लोगल्ली पुनर्विकासाची कामे चालू असताना ती कामे करणाऱ्याच्याच हाती पैसा का राहत नाही, हा त्यांतल्या बहुतेकांचा प्रश्न आहे. निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे वगळली आहेत.

प्रश्न : मी पुनर्विकासाच्या इमारतींची आरसीसी, वीटकाम आणि प्लास्टरची कामे मालासकट घेतो. चार वर्षांत वार्षिक उलाढाल ३ कोटींवरून ५ कोटींवर गेली, तरी बँकेची कॅश क्रेडिटची (लागेल तेव्हा उचलता येणाऱ्या खेळत्या कर्जाची) मर्यादा कायम भरलेली असते आणि घरखर्चासाठीही हात आखडावा लागतो. प्रत्यक्ष खर्चावर मी १० टक्के धरतो. त्याहून दर वाढवला तर काम दुसऱ्याला जाते. नेमका दर कसा काढावा?
— एक वाचक, भांडुप

उत्तर : आपण दिलेल्या आकड्यांतच उत्तर आहे. खर्चावर १० टक्के धरून ५ कोटींची बिले केली, म्हणजे माल, मजुरी आणि भाड्याची यंत्रे यांवर सुमारे ४ कोटी ५४ लाख ५५ हजार रुपये गेले आणि ४५ लाख ४५ हजार राहिले. या रकमेतून ऑफिसचे भाडे, साइट इंजिनिअर, स्टोअरकीपर आणि अकाउंटंट यांचे पगार, गाडी, विमा, बँकेचे व्याज, सेंट्रिंगच्या प्लेटा व प्रॉप्स (काँक्रीटचा साचा आणि त्याचे टेकू) यांची झीज आणि आपला स्वतःचा पगार भागवायचा आहे. एवढी उलाढाल सांभाळणाऱ्या कंत्राटदाराचा हा खर्च वर्षाला ४५ लाख धरला, तर अखेरीस ४५ हजार रुपये उरतात. एखादा स्लॅब आठ दिवस लांबला की तेही जातात.

खर्चावरचे दहा टक्के म्हणजे बिलावरचे दहा टक्के नव्हेत, ही गोष्ट अनुभवी माणसांच्याही नजरेतून सुटते. १०० रुपये खर्चाचे बिल ११० रुपयांचे झाले तर त्या बिलातला आपला वाटा ९ टक्क्यांच्या थोडा वर असतो, आणि आपला कायमचा खर्चच बिलाच्या ९ टक्के आहे. त्यावर ५ टक्के निव्वळ नफा हवा असेल, तर प्रत्यक्ष खर्चाला ०.८६ ने भागावे. म्हणजे १०० रुपये खर्चाच्या कामाला ११६ रुपये २८ पैसे दर येतो. आपला ९ टक्क्यांचा आकडा मी अंदाजाने धरला आहे. तो आपण मागील दोन वर्षांच्या नफा-तोटा पत्रकावरून स्वतः काढावा आणि त्यात आपला पगार विसरू नये, कारण मालकाच्या श्रमाचे पैसे नफ्यात मोजले की व्यवसाय प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा चांगला चालला आहे असा भास होतो.

दर वाढवला तर काम जाते, हे आपले म्हणणे खरे आहे, आणि काही कामे जाऊ द्यावीत असेच माझे आग्रहाचे सांगणे आहे. उलाढाल वाढवण्यासाठी घेतलेले कमी दराचे काम स्वतःपुरतेच तोट्याचे राहत नाही. ते आपला चांगला इंजिनिअर, आपली भरवशाची गँग आणि आपली बँकेची मर्यादा अडकवून ठेवते, आणि त्यामुळे शेजारच्या चांगल्या कामालाही उशीर होतो. गेल्या तीन-चार वर्षांतील प्रत्येक कामाचा स्वतंत्र हिशेब मांडून पाहावा : अंदाज किती होता, खर्च किती झाला, शेवटचा रुपया किती महिन्यांनी हाती आला. असा हिशेब केल्यावर बहुधा दिसते की नफा दोन-तीन प्रकारच्या कामांतून आणि मोजक्या विकासकांकडून आला, आणि बाकीच्या कामांनी तो खाल्ला. चेंबूर आणि विरार अशा दोन टोकांना एकाच वेळी साइट घेणाऱ्याने देखरेखीसाठी दुसरा माणूस ठेवण्याचा खर्च तरी धरावा, नाहीतर त्यांपैकी एक काम सोडावे.

मुंबईचे काही खर्च दराच्या तक्त्यात आपोआप येत नाहीत आणि ते नेमके आपल्या खिशातून जातात. अरुंद रस्त्यावरच्या भूखंडावर सळई आणि विटा ठेवायला जागा नसते, त्यामुळे माल थोडा-थोडा आणावा लागतो आणि प्रत्येक फेरीचे भाडे व हमाली वाढते. अवजड वाहनांवर वेळेची बंधने असतात. रात्री १० ते सकाळी ६ हा ध्वनिनियमांतील रात्रीचा काळ असल्याने, काँक्रीटची गाडी वाहतुकीत अडकली आणि स्लॅब लांबला तर शेजारच्या सोसायटीची तक्रार ठरलेलीच. हवेच्या प्रदूषणाबाबत महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये काढलेल्या सूचनांमुळे कामाच्या आकारानुसार २५ किंवा ३५ फुटी पत्र्याचे कुंपण, इमारतीभोवती हिरवे कापड, पाण्याची फवारणी आणि बाहेर पडणाऱ्या गाड्यांची चाके धुण्याची सोय करावी लागते. हे कोण करणार याचा उल्लेख वर्क ऑर्डरमध्ये नसेल तर ते कंत्राटदाराच्याच गळ्यात पडते, आणि काम बंद ठेवण्याची नोटीस आली तर बसून राहिलेल्या गँगचा खर्चही त्याचाच होतो. म्हणून कुंपण, फवारणी, डेब्रिज उचलणे आणि पावसाळ्यात पाणी उपसणे यांची बीओक्यूमध्ये (कामांच्या परिमाण-दरांच्या यादीत) वेगळी कलमे मागावीत.

वेळेचा खर्चही दरात असावा. एका मजल्याचे चक्र १२ दिवसांचे धरले आणि ते १८ दिवसांचे झाले, तर इंजिनिअर, वॉचमन, होइस्ट (माल वर चढवणारे यंत्र) आणि प्रॉप्सचे भाडे त्या मजल्यापुरते दीडपट होते, पण बिल तेवढेच राहते. नकाशे किंवा निर्णय विकासकाकडून उशिरा आल्यामुळे चक्र लांबले, तर त्या दिवशीच ईमेल पाठवावा. सहा महिन्यांनी सांगितलेल्या विलंबाला कोणी किंमत देत नाही. सिमेंट आणि सळई यांचा मूळ दर कंत्राटात लिहून, त्यात ठरावीक टक्क्यांपेक्षा अधिक चढउतार झाल्यास फरक देण्या-घेण्याचे कलम ठेवावे. विकासक ते मान्य करत नसेल, तर सळई आणि सिमेंट त्यानेच पुरवावे असे सुचवावे. उलाढालीचा आकडा त्यामुळे कमी दिसेल, पण भाववाढीची जोखीम आणि पुरवठादाराची उधारी या दोन्ही गोष्टी आपल्या डोक्यावरून उतरतील.

शेवटच्या बैठकीत ‘तीन टक्के कमी करा, आजच ऑर्डर देतो’ असे सांगितले जाते. ५ टक्के नफ्याच्या कामात ३ टक्के सोडणे म्हणजे नफ्याचा ६० टक्के हिस्सा देणे होय. काही द्यायचेच असेल तर त्याच्या बदल्यात मागावे : ४५ दिवसांऐवजी १५ दिवसांत बिलाचे पैसे, काम सुरू करण्यासाठीची आगाऊ रक्कम म्हणजे मोबिलायझेशन अ‍ॅडव्हान्स, किंवा ५ टक्के रिटेन्शन (प्रत्येक बिलातून राखून ठेवली जाणारी रक्कम) रोखीत अडकवण्याऐवजी तेवढ्याची बँक गॅरंटी. यांपैकी एकही गोष्ट मिळत नसेल तर चहा घेऊन उठावे.

प्रश्न : एका विकासकाकडे माझी तीन आरए बिले (चालू कामाची टप्प्याटप्प्याची बिले) मिळून ७० लाख रुपये थकले आहेत. फ्लॅटची विक्री थांबली आहे, पुढचा स्लॅब टाका म्हणजे बँकेचा हप्ता सुटेल आणि सगळे पैसे देतो, असे तो म्हणतो. काम थांबवले तर रिटेन्शनसकट सारे बुडेल अशी भीती वाटते. काय करावे?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : आपली भीती मी समजू शकतो, पण याच भीतीवर असे व्यवहार चालतात. पुढचा स्लॅब आपल्या पैशाने टाकू नये. ७० लाखांचे ९५ लाख झाल्यावर आपली बाजू आजच्यापेक्षा दुबळी झालेली असेल.

पहिले काम मोजमापाचे. काम थांबवण्याचा शब्दही काढण्यापूर्वी आजवर झालेल्या सर्व कामाचे संयुक्त मोजमाप घ्यावे, त्यावर विकासकाच्या इंजिनिअरची किंवा आर्किटेक्टची सही घ्यावी, तारखेसह छायाचित्रे काढावीत आणि साइटवर पडलेल्या आपल्या मालाची, प्लेटांची व प्रॉप्सची यादी करून तिचीही पोच घ्यावी. त्यानंतर कंत्राटातील कलमाचा आधार घेऊन लेखी नोटीस द्यावी : अमुक तारखेपर्यंत अमुक रक्कम न मिळाल्यास काम स्थगित करण्यात येईल. तोंडी भांडून गँग काढून नेली, तर ‘कंत्राटदार काम अर्धवट टाकून पळाला’ असे म्हणण्याची संधी मिळते आणि उरलेले काम दुसऱ्याकडून करून घेतल्याच्या डेबिट नोटा (खर्चवसुलीची पत्रे) आपल्या नावावर निघतात.

त्याच वेळी महारेराच्या (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाचे पान उघडून पाहावे. किती सदनिका विकल्या गेल्या, प्रकल्पावर कोणाचा बोजा आहे, पूर्ण करण्याची तारीख किती वेळा वाढवली, हे तेथे पाहता येते. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवणे रेरा कायद्याने बंधनकारक आहे, आणि ती जमीन व बांधकाम यांच्या खर्चासाठी, आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि चार्टर्ड अकाउंटंट यांच्या प्रमाणपत्रांवर कामाच्या प्रमाणातच काढता येते. आपले काम दाखवून पैसे काढले गेले असतील तर ते गेले कोठे, हा प्रश्न विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. माझ्या मते हे पान काम स्वीकारण्यापूर्वीच पाहण्याची सवय प्रत्येक कंत्राटदाराने लावून घ्यावी.

विकासक खरोखर अडचणीत असून प्रामाणिक असेल, तर मधला मार्ग असा : पुढच्या स्लॅबची मजुरी आगाऊ, सळई आणि काँक्रीट त्याच्या थेट खरेदीने, आणि जुन्या थकबाकीचे तारीखवार हप्ते लेखी. हप्त्यांचे धनादेश घेतले तर त्यांची मुदत तीन महिन्यांची असते हे लक्षात ठेवावे. धनादेश न वटल्यास बँकेची सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत मागणीची नोटीस द्यावी लागते, पैसे देण्यासाठी समोरच्याला १५ दिवस मिळतात आणि त्यानंतर एका महिन्यात तक्रार दाखल करावी लागते. हीच तरतूद आपल्यालाही लागू आहे, म्हणून विकासकाच्या आश्वासनाच्या भरवशावर सळईवाल्याला आपले धनादेश देऊ नयेत.

उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांना २००६ च्या कायद्याने ठरलेल्या मुदतीत, आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांत, पैसे मिळाले पाहिजेत. न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज देय होते आणि दाद मागण्यासाठी याच कायद्याखालची फॅसिलिटेशन कौन्सिल आहे. मात्र माल आणि मजुरी एकत्र असलेल्या वर्क्स कॉन्ट्रॅक्टला हा कायदा लागू होत नाही असे निर्णय न्यायालयांनी दिलेले आहेत, त्यामुळे केवळ याच आधारावर विसंबू नये आणि आपल्या कंत्राटाची भाषा वकिलाला दाखवावी. नोंदणी काम घेण्यापूर्वीची असावी. दिवाळखोरी संहितेखाली जाण्यासाठी किमान १ कोटीची थकबाकी लागते, आणि तेथे गेल्यावरही बँका व घर घेणारे ग्राहक यांच्या मागे कंत्राटदार उभा असतो. लवादाचा किंवा दाव्याचा मार्ग तीन वर्षांच्या मुदतीच्या आत धरावा लागतो. दर ३१ मार्चची शिल्लक विकासकाकडून सहीनिशी मान्य करून घेतली तर ही मुदत सहीच्या तारखेपासून नव्याने मोजली जाते. हे एका पानाचे काम आहे आणि संबंध चांगले असतानाच ते सहज होते.

यापुढे प्रत्येक विकासकासाठी एक मर्यादा ठरवावी. एका स्लॅबच्या मजुरी-मालापेक्षा अधिक पैसा कोणाकडेही अडकू द्यायचा नाही, असा नियम केला तर तिसरे बिल थकण्याची वेळ येत नाही.

प्रश्न : बिलाचे पैसे येण्यापूर्वीच १८ टक्के जीएसटी भरावा लागतो. यातून मार्ग आहे का? विकासक म्हणतो की जीएसटीशिवाय बिल करा.
— एक वाचक, कांदिवली

उत्तर : ५० लाखांच्या बिलावर ९ लाखांचा कर होतो, आणि मासिक विवरणपत्र भरणाऱ्याला तो इनपुट क्रेडिट (खरेदीवर आधीच भरलेला कर) वजा करून पुढील महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरावा लागतो, म्हणून हा त्रास खरा आहे. बांधकाम ही सलग चालणारी सेवा असल्याने इन्व्हॉइस केव्हा काढायचा हे कंत्राटात पैसे देण्याची तारीख कशी लिहिली आहे त्यावर ठरते. मोजमापासह आधी केवळ बिलाचा मसुदा द्यावा, तो प्रमाणित झाल्यावर टॅक्स इन्व्हॉइस काढावा, आणि रिटेन्शनची रक्कम दोषदायित्वाचा (कामातले दोष कंत्राटदाराने दुरुस्त करून देण्याचा) काळ संपल्यावर देय होईल असे स्पष्ट लिहावे. शब्दरचना मात्र आपल्या सीएकडून तपासून घ्यावी.

विकासकाच्या मागणीचे कारणही समजून घ्यावे. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या निवासी प्रकल्पांत घरांवर १ किंवा ५ टक्के कर असून विकासकाला इनपुट क्रेडिट मिळत नाही, त्यामुळे आपले १८ टक्के हा त्याचा थेट खर्च असतो. परंतु त्यालाही किमान ८० टक्के खरेदी नोंदणीकृत पुरवठादारांकडून करावी लागते. कराशिवाय काम करून देणे म्हणजे आपल्या खरेदीवरचे क्रेडिट गमावणे, बँकेला उलाढाल दाखवू न शकणे आणि पैसे बुडाल्यास कागद नसणे होय. कोटेशनमध्ये ‘जीएसटी वेगळा’ हे शब्द ठळक लिहावेत. सिमेंटवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे दर कसा बसतो याची फोड दाखवणारे जुने रेट अ‍ॅनालिसिस वापरत असाल तर ते आता बदलावे.

प्रश्न : होळीला आणि छठपूजेला गँग गावी जाते आणि अर्धी परत येत नाही. मुकादम उचल (आगाऊ रक्कम) घेऊन दुसऱ्या साइटवर जातो. माणसे टिकवायची कशी?
— एक वाचक, गोरेगाव

उत्तर : सण दरवर्षी येतात, म्हणून त्यांना अडचण मानण्यापेक्षा बार चार्टमध्ये (कामाच्या वेळापत्रकात) त्यांची जागा ठेवावी. मोठा स्लॅब या दिवसांच्या तोंडावर धरू नये. मोठी उचल देण्यापेक्षा दर आठवड्याची खर्ची (खाण्यापिण्यापुरते पैसे) नियमित द्यावी आणि गावी जाण्याआधी मोजमाप करून पूर्ण हिशेब चुकता करावा. ‘परत आल्यावर देतो’ म्हणून पैसे अडवून ठेवले की माणूस बांधला जातो, असा समज या धंद्यात आहे, आणि तो मला चुकीचा वाटतो. ज्याचा हिशेब चोख होतो त्याच्याकडे गँग परत येते, शिवाय आपल्या गावची चार माणसे घेऊन येते. मुकादमाला एकरकमी पैसे देत असाल तर ते शेवटच्या मजुरापर्यंत पोहोचतात का, हे हजेरीपटावरून पाहावे, कारण मजुरी थकली तर जबाबदारी आपल्यापर्यंत येते.

राहण्याची कोरडी जागा, पाणी आणि शौचालय यांवर होणारा खर्च मी खर्चात धरतो, उपकारात नव्हे. १८ ते ६० वयाच्या आणि वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या मजुराची कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी होऊ शकते. ९० दिवसांचा दाखला देण्यास आपल्याला काही लागत नाही, त्याच्या मुलांच्या शिक्षणाला मात्र मदत मिळते. लिफ्टच्या डक्टला झाकण, कडेला रेलिंग, सुरक्षा जाळी आणि पट्टा यांत कधीही काटकसर करू नये, आणि नुकसानभरपाईचा विमा काम सुरू होण्याच्या दिवसापासून असावा. एका माणसाचा जीव गेल्यावर नफ्याचे कोणतेही गणित मांडण्यात अर्थ उरत नाही.

प्रश्न : खासगी विकासकांना कंटाळून सरकारी टेंडरकडे वळावे का?
— एक वाचक, परळ

उत्तर : केवळ पैसे सुरक्षित राहतील या समजुतीने वळू नये. थकलेल्या देयकांसाठी राज्यातील कंत्राटदारांना २०२५ मध्ये आंदोलने करावी लागली. अंदाजापेक्षा फार खाली दर भरल्यास जादा सुरक्षा ठेव मागितली जाते, आणि तरीही मोठ्या ‘बिलो’ने (अंदाजापेक्षा बऱ्याच कमी दराने) टेंडरे भरली जातात. कामासाठी निधीची तरतूद झाली आहे का आणि भाववाढीचे कलम आहे का, हे दोन्ही पाहून, वर्षाच्या उलाढालीचा लहान भाग एवढ्यापुरतेच या कामांकडे पाहावे.

प्रश्न : मी सोसायट्यांची दुरुस्तीची कामे करतो. बाहेरचे प्लास्टर, वॉटरप्रूफिंग, कॉलमची दुरुस्ती. सेक्रेटरी तोंडी जादा काम सांगतात आणि बिलाच्या वेळी कमिटी बदललेली असते. हा धंदा सोडून नव्या बांधकामात जावे का?
— एक वाचक, दादर

उत्तर : मुळीच सोडू नये. महापालिकेच्या कायद्यातील कलम ३५३ (ब) नुसार ३० वर्षांपेक्षा जुन्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट करावे लागते, आणि पुनर्विकास जमत नसलेल्या अशा इमारती या शहरात पुष्कळ आहेत. शिवाय सोसायट्यांकडे दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड (मोठ्या कामांसाठी साठवलेला निधी) असतो. काम घेण्यापूर्वी निधी जमा आहे की सभासदांकडून वर्गणी गोळा व्हायची आहे, एवढे विचारावे. वर्गणी गोळा व्हायची असेल तर पहिला हप्ता बँकेत आल्याशिवाय परांची बांधू नये.

दुरुस्तीत परिमाण आधी कळत नाही हीच मुख्य अडचण आहे, म्हणून वर्क ऑर्डर एकरकमी न घेता कलमवार दराची घ्यावी. परांची उभी राहिल्यावर कन्सल्टंट आणि कमिटीचा एक सदस्य यांच्यासह प्लास्टर हातोडीने ठोकून पाहावे, पोकळ भागाला रंगाने खूण करावी, मोजमाप लिहून सही घ्यावी, आणि मगच तोडायला सुरुवात करावी. तोडल्यानंतर मोजमापावर कोणाचेही एकमत होत नाही. जादा कामाला किती टक्क्यांपर्यंत कमिटी मान्यता देऊ शकते आणि त्यापुढे सर्वसाधारण सभेचा ठराव लागेल, हे ऑर्डरमध्ये लिहून घ्यावे. तोंडी सांगितलेल्या कामाची त्याच संध्याकाळी सोसायटीच्या ईमेलवर दरासह नोंद करावी आणि उत्तर येईपर्यंत ते काम हाती घेऊ नये. लेखी आदेश नसताना केलेल्या आणि समोरच्याने लाभ घेतलेल्या कामाचा मोबदला करार कायद्याच्या कलम ७० खाली मागता येतो, पण त्यासाठी न्यायालयात जावे लागते आणि दुरुस्तीच्या बिलाच्या रकमेला तो खर्च परवडत नाही.

काम मेअखेर संपण्यासारखे नसेल तर जून ते सप्टेंबर परांची तशीच उभी ठेवायची की उतरवायची, आणि त्या चार महिन्यांचे भाडे कोणाकडे, हे डिसेंबरमध्ये ऑर्डर घेतानाच ठरवून घ्यावे. सहा-सात मजली इमारतीच्या कामात कंत्राटदाराचा सगळा नफा याच भाड्यात जाताना मी पाहिला आहे.